मारुतीच्या मंडपाची भुई

चतुराबाईचा राग ओल्या पऱ्हाटीसारखा नव्हता, की आधी धूर, मग कुरकुर आणि मग कुठं जाळ. तिचा एकदम जाळच. एकदा औताला बैल अडला, तर ती बैलाला अवाक्षर बोलली नाही. बैल पसंत करून आणणाऱ्या नवऱ्याला, म्हणजे रामकिशनला, असं काही बोलली की तो औत सोडून बांधावर जाऊन बसला. बैल मात्र निमूट चालायला लागला. साखऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात हा किस्सा इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलाय, की आता त्या बैलाचा रंगसुद्धा घरागणिक वेगळा आहे.

पण मला सांगायचीय ती तिच्या मोठ्या रागाची गोष्ट. तो राग उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू झाला आणि निजामाचं राज्य गेलं तरी विझला नाही.

तेव्हा गावात सरकारी शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. मारुतीच्या देवळापुढं लाकडी खांबांचा मंडप होता, भुई मातीची, तीच शाळा. गुरुजी बंडोपंत, हिंगोलीकडचे. अंगानं काटकुळे आणि स्वभावानं त्याहून. रोज सकाळी शाळा भरली की लेकरांना रस्त्याकडं तोंड करून उभं करायचे आणि हुजुरांच्या, म्हणजे निजामाच्या, सलामतीची दुवा म्हणवून घ्यायचे, कारण पगार हुजुरांचा. ती संपली की सगळ्यांनी गर्रकन वळायचं, मारुतीकडं तोंड करून स्तोत्र म्हणायचं, कारण छप्पर मारुतीचं. गुरुजी स्वतःही वळायचे आणि वळताना दर वेळी एक खोल श्वास घ्यायचे. एक धनी राजी झाला, आता दुसरा.

चतुराबाईची नर्मदी या शाळेत चौथीला होती. तोंडी हिशेबात पोरगी अशी तरबेज, की बाजाराच्या दिवशी रामकिशन तिला शेजारी बसवल्याशिवाय तूर विकायचा नाही. चौथीची परीक्षा घ्यायला तपासणीवाले साहेब गावी यायचे. ती परीक्षा पास झालेली पोरगी गावात तोवर एकही नव्हती. नर्मदी होणार, हे चतुराबाईनं ठरवून टाकलं होतं. स्वतः तिला अक्षर येत नव्हतं. पोरीची पाटी ती रोज पदरानं पुसायची, पण आधी विचारायची, "पुसू का? झालं का तुझं?"

झालं असं, की नर्मदीला आजोळहून लहानसं हिरवं लुगडं आलं. पोरगी हरखली आणि ते नेसून शाळेत गेली. दुवा झाली. लेकरं वळली. तेवढ्यात मारुतीला शेंदूर लावणारा सटवाजी गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला.

"मास्तर, ही बाई मंडपात कशी?"

"बाई कुठं? नर्मदी आहे ती. चौथीतली."

"लुगड्यात हाय न्हवं? मंग बाईच. आपला मारुती ब्रह्मचारी हाय, ठावं हाय ना तुमाला?"

बंडोपंतांनी मारुतीकडं पाहिलं, सटवाजीकडं पाहिलं आणि नर्मदीला म्हणाले, "बाळ, आज घरी जा."

चतुराबाई भाकरी थापत होती. "काहून आलीस गं?"

"मारुतीनं हाकललं."

"मारुतीनं का सटवाजीनं?"

"सटवाजीबाबानं."

"मंग तसं सांग. देवाचं नाव काहून घेतीस?"

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला परकर घालून पाठवली. सटवाजीनं तिला पायरीवरूनच परत लावली. म्हणाला, "एकदा बाई झाली ती झाली. परकर घातल्यानं उलटी लहान होती व्हय?"

मग मात्र चतुराबाई स्वतः निघाली. पारावर तातेराव पाटील बसले होते, सटवाजी होता आणि कडेला बंडोपंत. पाटलांचं देऊळ, पाटलांचा शब्द. चतुराबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. तेवढीच काय ती सगळ्या भांडणातली अदब.

"पाटील, मला सांगा. काल सकाळपर्यंत मारुतीला माझी पोरगी चालली. लुगडं बघितल्यावर त्याला काय झालं?"

"रीत हाय ती, चतुराबाई."

"रीत कुणाची? त्याच मंडपात तुमीच पोथी लावता, मी खांबाआड बसून ऐकती. लंकेत रावणाच्या महालात इतक्या बाया झोपल्या होत्या. त्यांच्यामधून हिंडला मारुती. डोळा हालला न्हाई त्याचा. आन माझ्या पोरीच्या हिरव्या लुगड्यानं हालतो? अवो, बाईचंच काम घेऊन समुद्र उडून गेला तो. त्याची इज्जत तुमी काढून राहिले, मी न्हाई."

सटवाजी चपापला. पाटील चपापले नाहीत. त्यांनी पान जमवलं, तोंडात टाकलं. "पोथी ती पोथी. देवाधर्मात आडवं बोलू न्हाई. पोरीला शिकून काय तहसील चालवायचीय का?"

चतुराबाई बंडोपंतांकडं वळली. "गुरुजी, तुमी तरी बोला."

बंडोपंत हात जोडून म्हणाले, "बाई, मी रोज सकाळी दोन धनी राजी ठेवतो. तिसरा नका लावू माझ्यामागं."

"मीच तिसरी. आन मला राजी ठेवणं अवघड हाय." मग ती पुन्हा पाटलाकडं वळली. "बरं. शुक्रवारी मंडप सारवायचा वार माझ्या घराचा हाय. मीबी लुगड्यातच हाय. मंग कशी येऊ?"

पाटील हसले. "सारवायला चालतं."

तेव्हा हसलो नसतो तर बरं झालं असतं, असं पुढं पाटील स्वतःच म्हणायचे. चतुराबाई तडक घरी गेली. ती काही बोलत नाही हे पाहून रामकिशननं जेवणसुद्धा मागितलं नाही.

आता हे सारवण म्हणजे काय, ते आजच्या फरशीवर वाढलेल्या लेकरांना सांगावं लागतं. मातीची भुई दर आठवड्याला शेणानं सारवली नाही, तर ती उकलते, धूळ सोडते आणि पिसवांचं माहेर होते. मंडपाचं सारवण घराघरानं वार लावून होतं. शुक्रवारी बाईनं शेणकाला घेऊन जायचं, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोतेरं फिरवायचं आणि मागं सरकत सरकत बाहेर यायचं. उंबऱ्याला मारुतीच्या इतक्या जवळ बाईचा हात लागायचा, की त्याच्या पायावरचा शेंदूर बोटाला यावा. पिढ्यान् पिढ्या कुणाला त्यात काही दिसलं नव्हतं.

त्या शुक्रवारी चतुराबाई गेली नाही. विहिरीवर तिनं सगळ्यांना सांगितलं, "सारवायला बाई चालती आन शिकायला बसली की देऊळ बाटतं. मी न्हाई जात."

सगळ्यात आधी कुणी मान हलवली असेल, तर खुद्द पाटलाच्या बायकोनं, शकुबाईनं. तिनं भरलेली घागर खाली ठेवली. "आमच्या माहेराला शाळा महादेवाच्या देवळात होती. मला दुसरीतून काढली. म्हणं, नंदी बघतो. अजून आठवलं की त्या नंदीला दगड मारावा वाटतो." आणि घागर उचलताना म्हणाली, "पुढचा वार आमच्या वाड्याचा हाय. मीबी न्हाई जात."

तिचं बघून बाकीच्या घरांनीही आपापला वार सोडला. दुसऱ्या आठवड्यात भुईला भेगा पडल्या. तिसऱ्यात लेकरं बसली की धुळीचा लोट उठायचा आणि शनिवारी मारुतीला घातलेलं तेल धुळीनं काळं व्हायचं. पाटलांनी हुकूम सोडला की गडीमाणसांनी सारवावं, त्यात काय मोठं. सटवाजीनं कमरेला धोतर खोचलं. शेण घेतलं ओलं, पाणी घातलं घागरभर, आणि पोतेरं फिरवायचं सोडून खराट्यानं लोटलं. शेवटी त्या रबडीवरून त्याचा पाय घसरला आणि तो गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत बसल्या बसल्या आला. देवापुढं इतक्या नम्रपणे तो जन्मात आला नव्हता. उन्हानं ती रबडी वाळली आणि तिचे पापुद्रे झाले. त्या पापुद्र्यांखाली पिसवा झाल्या.

त्या पिसवांनीच गोष्ट पुढं नेली. दुवेच्या वेळी हात बांधून ताठ उभं राहायचं, हलायचं नाही, असा सरकारी नेम. आणि लेकरं तर या पायानं तो पाय खाजवताहेत, एकजण नाचतोय, दुसरा दुवा अर्धी सोडून पोटरीवर चापट मारतोय. खुद्द गुरुजीसुद्धा हुजुरांचं नाव घेता घेता मांडी चोळताहेत. साहेब येणार चार दिवसांवर. हुजुरांच्या दुवेत शाळा नाचताना साहेबानं पाहिली, तर नोकरी जाईल आणि वर गुन्हा होईल, तो वेगळाच. बंडोपंत थेट चतुराबाईच्या दारात आले.

"बाई, पाया पडतो. मंडप सारवा."

"मंडप न्हाई. माझा गोठा सारवलेला हाय. शाळा तिथं आना. आन पोरगी पहिल्या रांगेला बसंल."

"पाटील काय म्हणतील?"

"पाटलाला म्हणा, मांडी खाजवत साहेबाला जबाब द्या."

पाटील आले, दारातच उभे राहिले. "साहेब येऊन जाईपर्यंत," ते म्हणाले. "तेवढंच."

"आधी येऊ द्या," चतुराबाई म्हणाली. तिनं बैल बाहेर काढले, गव्हाण धुतली, गोठा असा सारवला की वर अन्न वाढून घ्यावं. म्हैस तेवढी गाभण होती, तिला हलवता येईना, म्हणून ती पूर्वेच्या खुंट्याला राहिली.

साहेब आले. लेकरं पुतळ्यासारखी उभी. दुवा झाली, एक बोट हललं नाही. साहेब खूश. गुरुजींनी ठरवलं होतं की आज इथंच थांबायचं. पण लेकरांच्या सवयीला कोण सांगणार? दुवा संपली, सगळी शाळा गर्रकन वळली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात मारुतीचं स्तोत्र सुरू झालं. समोर म्हैस. ती रवंथ करत सगळं स्तोत्र ऐकत होती.

"मास्टर," साहेब म्हणाले, "ये भैंस कू हात काहे कू जोड रहे?"

बंडोपंत गव्हाणीमागं सरकले. नर्मदी पुढं होऊन म्हणाली, "साब, पहले उधर मारुती था."

साहेबांनी म्हशीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि रुमाल तोंडाला लावून कितीतरी वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "अच्छा, तू पहले आ." तिला त्यांनी तोंडी हिशेब घातले. नर्मदीनं ते असे फोडले, जशी आई शेंगा फोडते. ती पास झाली. कुडाआड उभ्या चतुराबाईला साहेब "पास" म्हणाले ते कळलं, पण ती हसली नाही. नुसती म्हणाली, "एवढ्या एका शब्दासाठी एवढा कुटाणा."

शाळा काही देवळात परत गेली नाही. पाटलांचं "तेवढंच" लांबत गेलं, पुढं नर्मदीचं लग्न होऊन ती सासरी गेली तरी. मग अठ्ठेचाळीस सालात निजामाचं राज्य गेलं. दुवा बंद झाली. पाटील खादीची नवी टोपी घालून गोठ्याच्या दारात आले. चतुराबाई सारवत होती.

"चतुराबाई, आता आपलं राज्य आलं. दुवाबिवा गेली. शाळा आता मारुतीपुढं भरंल, फकस्त आपली प्रार्थना होईल."

"राज्य आलं, बरं झालं. पोरी कुठं बसत्याल?"

"तिथंच की. जाणत्या होईस्तोर."

"आन जाणत्या झाल्यावर?"

पाटलांनी टोपी सारखी केली. "ते... रीत हाय ती."

चतुराबाई उठली. हातातलं ओलं पोतेरं तिनं पाटलाच्या हातात दिलं, जसा पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यावा. "मंग घ्या. राज्य तुमचं, रीत तुमची, आता भुईबी तुमीच सारवा."

आणि आत जाऊन तिनं लेकरांना सांगितलं, पाढे म्हणा. शाळा पुढं नवी इमारत होईस्तोवर त्याच गोठ्यात भरली. पाटील मात्र ते पोतेरं कुठं टाकावं हे न कळून तसेच घरापर्यंत हातात घेऊन गेले. नव्या धोतरावर सबंध वाटेनं शेणकाला ठिबकला. आणि ते धोतर शकुबाईनं धुवायला घेतलं नाही.