थापटून सुरू होणारा डबा

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी गल्ली छीताई म्हणते. ती कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि कुठलाही डबा उघडला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘छी’. बावीस वर्षं ती हे काम करतेय आणि बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर घड्याळं उघडता उघडता मी ते ऐकतोय. तिचं चुकत नाही. लोक डबा बाहेरून पुसून लख्ख ठेवतात, वर विणलेलं झाकणही घालतात, आणि आत बघावं तर झुरळांचा भरला संसार. पंख्याला केसांचे गुंते, तळाशी सांडलेल्या चहाचा चिकट थर. एकदा पालीचं शेपूट निघालं होतं, नुसतं शेपूट. बाकीची पाल कुठे गेली या विचाराने ताई त्या दिवशी जेवली नाही.

पण घाणीपेक्षा तिला किळस येते ती माणसांच्या खोटेपणाची. “काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला,” असं कुणी म्हणालं की ती वर बघतच नाही. आपोआप फक्त धूळ बसते, बाकी सगळं कुणीतरी केलेलं असतं, असं तिचं म्हणणं. आणि ते ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सुनावते. त्यामुळे आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते नाइलाजाने, हेही सांगून टाकतो.

गेल्या मंगळवारी सकाळी एक काकू चादरीत गुंडाळलेला डबा पोटाशी धरून दुकानात आल्या. मागे काका, गळ्याभोवती पातळ रुमाल. काका बसस्थानकावर निवेदक होते. तीस वर्षं या गावाने गाड्यांच्या वेळा त्यांच्या आवाजात ऐकल्या. दहा महिन्यांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून काकांना आवाज नाही.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस काका माइकसमोर बसले होते आणि चारशे बारा वाक्यं बोलून त्यांनी या डब्यात साठवली होती. भूक लागली. दार लाव. औषध कुठे ठेवलंस? काकूंसाठी हाका तीन: साधी, रागाची आणि पाहुण्यांसमोरची. काका कळ दाबायचे, डबा त्यांच्या आवाजात बोलायचा. तीन दिवसांपासून डबा सुरूच होत नव्हता.

“बाकी गेलं तर जाऊ दे ताई,” काकू म्हणाल्या, “मला ती साधी हाक तेवढी काढून द्या. तीन दिवस झाले, घरात मला कुणी हाक मारली नाही.”

ताईने झाकण काढलं. “छी!” आत धुळीचा असा थर होता की नखाने सोलून निघाला. तिने नाकाला फडकं बांधलं आणि कामाला लागली. वीज नीट येत होती, पंखा फिरत होता. मेमरीच्या पट्ट्या काढून तिने खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. पडद्यावर तीच एक पांढरी ओळ: डिस्क सापडत नाही. डिस्कला जोडणारा वायरींचा पट्टा बदलून पाहिला, दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. मग तिने डब्याला कान लावला. आत टक, टक, टक वाजत होतं.

“हार्डडिस्क मरायला टेकलीय,” ती म्हणाली. “दुसरीकडे प्रत ठेवलीय ना?”

“कशाला? सगळं यातच तर आहे.”

ताईने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिची नजर डब्याच्या उजव्या बाजूवर गेली. पत्र्याला तळहाताएवढा खोलगट पोचा पडला होता, आणि तेवढीच जागा घासून चकाकत होती. त्याच पत्र्याच्या आत डिस्क बसवलेली होती.

“हे काय आहे?”

“तिथे थापटतो ना आम्ही,” काकू अगदी सहज म्हणाल्या. “रोज सकाळी. दोन दिल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. हल्ली चार-पाच द्याव्या लागायच्या.”

मी घड्याळ खाली ठेवलं, कारण पुढचं मला माहीत होतं. “शी! शी शी शी!” ताई कडाडली. “चालत्या डिस्कला थापडा? आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या फिरतात काकू, त्यांच्यावर ओरखडे उठतात! ही काय म्हैस आहे? कुठल्या मूर्ख माणसाने शिकवलं तुम्हाला हे?”

काकांनी गळ्यात अडकवलेली छोटी पाटी पुढे ओढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि ताईसमोर धरली. पाटीवर एकच शब्द होता: तुम्ही.

ताई हसणार होती. मग तिचा चेहरा उतरला. सहा वर्षांपूर्वी ती त्यांच्या घरी गेली होती. तेव्हा आतला पट्टा सैल झाला होता. बदलायला नवा जवळ नव्हता, पुढे दुसरीकडे जायची घाई होती. तिने उजव्या हाताने डब्याला एक ठेवून दिली, डबा सुरू झाला. “याला हीच भाषा कळते,” ती म्हणाली होती. “पुढच्या खेपेला पट्टा बदलते. तोवर अडला की द्या एक.” पुढची खेप झालीच नाही. ते काहीच लपवत नव्हते. तिने सांगितलं तेच ते सहा वर्षं इमानेइतबारे करत आले होते.

मला, खरं सांगतो, तिची घृणा वाटली. बावीस वर्षं लोकांना तोडून बोलणारी ही बाई, आणि हिचं स्वतःचं काम असं!

“गुरुवारी या,” एवढंच ती म्हणाली.

डिस्क बाहेर काढून तिने स्पंजवर ठेवली, आपल्या मशीनला जोडली आणि खराब भाग सोडून उरलेलं उचलणारा प्रोग्राम लावला. सारखी बंद-चालू केली की असली डिस्क लवकर मरते, म्हणून एकदाच लावायची आणि हात लावायचा नाही. टेबल हलू नये म्हणून तिने मला चपला काढून चालायला लावलं. दोन दिवस तिने दुसरं काम घेतलं नाही, की एकदाही छी म्हटलं नाही. बुधवारी दुपारी टकटक थांबली. डिस्क गेली. तोवर एकसष्ट वाक्यं निघाली होती. पंखा बंद कर. हा चहा आहे का? गाडी उशिराने धावत आहे. तीन हाकांची नावं यादीत होती, पण उघडल्या की नुसती खरखर.

गुरुवारी दोघं आली. ताईने नवी डिस्क आणि नवा पट्टा घातलेला डबा पुढे ठेवला, एकसष्ट वाक्यांच्या दोन वेगळ्या प्रती दिल्या. मग उभं राहून म्हणाली, “हाक नाही निघाली, काकू. चूक माझी आहे. तेव्हा मी पट्टा बदलायला हवा होता.”

काकू डब्यावरच्या पोच्यावरून हात फिरवत राहिल्या. “म्हणजे रोज सकाळी मी यांच्या आवाजालाच मारत होते,” त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

काकांनी कळांकडे पाहिलं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांना हवं ते तिथे नव्हतं. मग त्यांनी हात उचलला आणि तळहाताने आमच्या टेबलावर दोनदा थापटलं.

काकू तत्काळ वळल्या. “आले,” त्या म्हणाल्या.

ताईने आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. ती दोघं रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिने तो वर काढला नाही.