दर्याकडची बाजू

प्राचार्यांनी मला बोलावून फुटबॉल संघाच्या घसरत्या कामगिरीची कारणे शोधून टिपण द्यायला सांगितलं, तेव्हा आधी मला हसूच आलं. मी कॉलेजचा हेडक्लार्क. बोनाफाईड, टी.सी. आणि परीक्षेचे फॉर्म यांतून मान वर काढायला फुरसत नाही, आणि मी कसली कारणं शोधतोय! पण प्राचार्य नवे होते, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी याच कॉलेजात शिकलो, याच सरांच्या हाताखाली तीन वर्षं खेळलो. "तुम्हाला आतलं माहीत असेल," ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले की दरवर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडणारा संघ ठेवायचा कशाला, असं संस्थेच्या मंडळात बोललं जातंय. संघ बंद म्हणजे सरही बंद. निवृत्तीनंतर ते मानद म्हणून येत होते, ते केवळ फुटबॉलसाठी. आता मात्र मला हसू येईना.

आमचे सर बंदराजवळच्या मोहल्ल्यातले. तिन्ही भाऊ आखातात गेले, हे एकटे गावात राहिले. भाऊ सुट्टीवर येताना बूट आणायचे, ते सर पोरांना वाटून टाकायचे आणि स्वतः अनवाणी फिरायचे. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. वर्गात कधी कुणी त्यांना पाहिलं नाही. ते भेटायचे पुळणीवर.

कारण तेव्हा कॉलेजला मैदानच नव्हतं. इमारतीमागे नुसती उताराची दगडाळ जागा. सपाट अशी एकच जमीन गावात होती, ती ओहोटीला समुद्राखालून बाहेर यायची. त्यामुळे आमच्या प्रॅक्टिसचं वेळापत्रक समुद्र ठरवायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी मैदान उघडं पडायचं, अष्टमीला भर दुपारी. त्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला वर्गात निम्मी बाकं रिकामी. सर चांदचा हिशेब ठेवायचे आणि मला विचारायचे, "आज तुमची कुठली तिथी?" मी सांगितली की दोन्ही हिशेब जुळतात का ते बघायचे. एखाद्या दिवसाचा फरक निघाला की आमचा वाद, आणि शेवटी बंदरावर जाऊन पाणी बघून यायचं. जिंकायचे तेच.

मी तिथला नव्हे. घाटाच्या पायथ्याच्या भातशेतीच्या गावातला, पालीच्याही आतला. हॉस्टेलवर राहायला आलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सरांनी टाचेने वाळूत रेघा ओढल्या. एक लाईन माडांच्या बाजूला, एक पाण्याच्या बाजूला. त्यांच्या मैदानात डावं-उजवं नव्हतंच. "माडाकडे दे!", "दर्याकडे बघ!" असं ओरडायचे. आणि नियम एकच. बॉल पाण्यात गेला तर ज्याने मारला त्याने आणायचा.

मला काय माहीत! मी जोरात हाणला, बॉल थेट लाटांत. सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो, पुढे जाववेना. बॉल हातभर पुढे, मी गेलो की तो आणखी हातभर पुढे. एक लाट छातीवर आली आणि मी चक्क रडायला लागलो. काठावरून सर म्हणाले, "घाबरू नको, हाय मी." होतेही. पण काठावर. बॉल शेवटी आपणहून माझ्याकडे आला, आणि बाहेर आल्यावर पोरांनी मला आठवडाभर 'मासा' म्हणून चिडवलं. त्या दिवसानंतर तीन वर्षांत मी बॉल एकदाही दर्याकडे मारला नाही.

तरी आम्ही जिंकायचो, आणि कसे जिंकायचो! भरती लागली की पाणी एकेक रेघ पुसत आत यायचं आणि मैदान निम्मं व्हायचं. मग त्या अरुंद पट्टीत आम्ही बावीस जण. तिथे लांब मारून चालायचंच नाही. पायाला पाय लागेल एवढ्या जागेत छोटे छोटे पास. ओल्या वाळूवर धावून पोटऱ्या अशा झाल्या होत्या की कोरड्या जमिनीवर धावायला उतरलो की कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटायचं. समोरचे संघ आमच्यासारखेच. सामने व्हायचे ते कुठल्या तरी हायस्कुलाच्या आखूड मैदानात, एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला विहीर. तिथे आमचं फावायचं. परत येताना आगरदांड्याच्या धक्क्यावर सर आख्ख्या संघाला चहा पाजायचे आणि जिंकलेली ढाल मधल्या बाकावर ठेवलेली असायची, जणू तीही चहाला आलीय. तेवढं सुख मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झालं नाही.

तर टिपण. मी कागद घेतला आणि कारणं लिहायला बसलो. पोरं बारावी झाली की आखाताचा व्हिसा बघतात. उरलेली कारखान्यात अप्रेंटिस, पाळी बदलत असते. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना मोटारसायकलचं बक्षीस असतं, फुटबॉलला प्रमाणपत्र. पुळणीवर आता घोडागाडी, वाळूवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या आणि हरिहरेश्वर करून आलेले पर्यटक. तिथे बॉल टाकायला जागा नाही. कॉलेजने मागची जागा सपाट केली, पण मैदान लहान. शिवाय मोबाइल. शिवाय पालक. सात कारणं झाली. सगळी खरी. मी स्वतःवरच खूश झालो.

पण त्याच आठवड्यात पनवेलच्या बाजूला पहिल्या फेरीचा सामना होता, आणि टिपणाच्या निमित्ताने मी संघाबरोबर गेलो. मैदान मोठं, हिरवंगार, कृत्रिम गवताचं. सर उतरले, चौफेर बघितलं आणि जिथे गाड्या लावल्या होत्या तिकडे बोट करून पोरांना म्हणाले, "ह्यो आपला दर्या." पोरांनी माना डोलावल्या. मला गंमत वाटली. सर कुठेही गेले तरी समुद्र बरोबर नेतात, हे मी विसरलोच होतो.

पोरांनी सांगितलं म्हणून मी वरच्या पायरीवर उभा राहून मोबाइलवर सामन्याचं शूटिंग घेत होतो. आमच्यावर पहिला गोल झाला, दुसरा झाला. आणि मग माझ्या लक्षात आलं की गाड्यांच्या बाजूला समोरच्या संघाचा जो बॅक होता, तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. थोड्या वेळाने तो लाईनच्या बाहेर जाऊन पाणी प्यायला. सामना चालू असताना! त्यांचा कोच, चांगला पंचविशीतला, खुशाल ओरडला, "अरे, इधर कोई नहीं आता, तू ऊपर जा!" आणि तो वर गेला, आणि तिसरा गोल त्यानेच केला.

हाफटाइमला बाजू बदलल्या, तरी आमचा बॉल काही गाड्यांकडे गेला नाही. मोकळं रान पडलं होतं तिकडे, बैल सोडावेत असं. आणि आमची अकरा पोरं माडाकडच्या अर्ध्यात एकमेकांच्या पायात पाय घालून छोटे छोटे पास देत होती. यांतल्या निम्म्या पोरांनी पुळणीवर कधी बॉल मारलेला नाही. कुणाचा बॉल लाटांत गेला नाही, कुणी रडलं नाही. तरी माझी भीती त्यांच्या पायात होती. आम्ही ती पुढच्यांना दिली, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, आणि सरांच्या कवायती सगळ्या माडाकडेच संपणाऱ्या.

गाडीत सर खिडकीशी बसले होते. "पोरांत दम न्हाय राहिला," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

दोन दिवसांनी सर ऑफिसात आले. शिपायाने चहा आणला. मी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला हाफ सबंध पाहिला. मग मागे नेऊन एक तुकडा पुन्हा पाहिला.

"हा पाणी प्यायला गेला?"

"हो सर. दोनदा."

चहावर साय धरली. त्यांनी मोबाइल बाजूला सारला आणि विचारलं, "आणि तू? तू मारायचास का तिकडं?"

"नाही सर."

"एकदा पण न्हाय?"

"पहिल्या दिवसानंतर नाही."

"मंग तेव्हा का बोलला न्हायस?"

"तेव्हा आपण जिंकत होतो."

ते हसले नाहीत. चष्मा काढून टॉवेलने पुसत राहिले. मला वाटलं, हे यांना आत्ता, या वयात दाखवायला नको होतं. सात कारणं होती ना माझ्याकडे, चांगली सही-शिक्क्याची. ती देऊन मोकळा झालो असतो.

टिपण मी सात कारणांचंच टाइप केलं. खेळ विभाग म्हणून सरांची सही लागणार होती. त्यांनी कागद वाचला, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि सातव्याच्या खाली त्यांच्या मोठ्या, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरांत लिहिलं: 'आठ. प्रशिक्षकाने मुलांना अर्धेच मैदान शिकविले.' आणि सही केली.

"सर, हे कशाला? हे वाचलं तर उद्याच बंद करतील."

"आणि बाकीचं वाचून काय करतील? आखात बंद करतील?"

"निदान दोष आपल्यावर येणार नाही."

"मंग दुरुस्त कोण करणार?" ते म्हणाले. "दुसऱ्याचा दोष मला दुरुस्त करता येत न्हाय. माझा येतो."

माझी फार इच्छा होती की तो कागद फाडून दुसरा काढावा. प्रिंटर शेजारीच होता. मी फाईल बगलेत धरून प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, चप्पल झिजंल." तेव्हा कुठे आत जाऊन दिली.

प्राचार्यांनी आठवा मुद्दा दोनदा वाचला. इतकी वर्षं लोकांनी पाठवलेली टिपणं वाचतोय, म्हणाले, पण स्वतःचं नाव घालून पाठवलेलं हे पहिलंच. मंडळाशी ते बोलले. उत्तर आलं ते एका ओळीचं: आणखी एक मोसम, त्यानंतर फेरविचार. मी ती ओळ सरांना फोनवर वाचून दाखवली. पलीकडून आधी "शुकर" ऐकू आलं, मग, "संध्याकाळी मैदानात ये."

गेलो. ऑफिसचे बूट, शर्ट खोचलेला, खिशात पेन, तसाच. कॉलेजमागच्या मैदानाला एका बाजूला नारळाची वाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला खांद्याएवढा दगडी गडगा, त्यापलीकडे कापणी झालेलं भाताचं खाचर. गडग्याची बाजू म्हणजे अर्थात दर्या. सर आयुष्यभर माडाच्या बाजूला उभे राहिले. पुळणीवर दुसरीकडे उभं राहणार कुठे, पाण्यात? त्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवली आणि मैदान आडवं ओलांडून गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. गुडघे दुखतात त्यांचे आता, त्यामुळे सावकाश गेले. त्या बाजूला मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"आजपासनं इकडं मारायचा," ते ओरडले. "जोरात. पलीकडं गेला तरी चालंल. बॉल मी आणतो."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बॉल मध्ये पडून होता. कॅप्टनने पाय उचलला आणि हळूच माडाकडच्या पोराला पास दिला. सवय, दुसरं काय. दुसऱ्याने तेच केलं. मला कळत होतं की आता ही नुसती सवय नाही. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला गडग्यापलीकडे पाठवायचं कसं, असा तो सगळा अवघडलेपणा होता. भली पोरं होती. पण भलेपणाने हे काम होणार नव्हतं.

मी बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि मैदानात गेलो. बॉल मागून घेतला. गडग्याजवळ सर उभे होते, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, आणि मला कमरेपर्यंतचं ते गार पाणी आठवलं, काठावरचं ते "हाय मी" आठवलं. मग मी दोन पावलं मागे घेतली आणि जीव खाऊन हाणला. बॉल त्यांच्या डोक्यावरून, गडग्यावरून, थेट खाचरात.

मैदानात कुणी हललं नाही. सर वळले, गडग्याच्या टोकाला असलेल्या बेड्याकडे, म्हणजे बांबूच्या फाटकाकडे, चालायला लागले, बांबू सरकवला आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

"सत्तावीस वर्षं लावलीस," म्हणाले, आणि खाचरात उतरले.

कॅप्टन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. मी त्याला दुसरा बॉल आणायला सांगितलं.