सूपभर कोंड्याचं लेकरू

घरकामात माझा जीव रमला असं म्हटलं की आमच्या नाती माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतात. बघू द्या बापड्यांना. मला कोणी जबरदस्तीनं रमवलं नव्हतं. ज्वारीचं पीठ ऊन पाण्यात मळताना हाताला बरं वाटायचं, नुकत्या सारवलेल्या भुईवर लेकरू रांगत यायचं आणि त्याच्या गुडघ्यांच्या खुणा उमटायच्या. मी पुन्हा सारवायची, तो पुन्हा रांगायचा. मला तर ते काम संपूच नये असं वाटायचं. पण हे सगळं सुख मी चोरून घेतलं. चोरून म्हणजे खरोखर चोरून, कारण ते पोर माझं आहे असं म्हणायची मला बंदी होती.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. पोखर्णीपासून बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवणवेळेला पोचावं, एवढ्यावर आमचं गाव. मातीचं माळवदाचं घर, थोडी काळी जमीन, दारात दोन बैल. माझी पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्याचं तोंडसुद्धा नीट बघायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "ह्याला आपलं म्हणूच नका. आपलं म्हनलं की जातंय."

मग आमच्याकडं करतात तसं केलं. बाराव्या दिवशी पोराला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. गावाच्या कडेला एक धनगरीण राहायची. तिची सगळी लेकरं जगलेली, धडधाकट. तिनं पोराला उचललं आणि सूपभर कोंडा आत्याबाईंच्या पदरात ओतून त्याला विकत घेतलं. पोराची किंमत काय, तर कोंडा. एवढ्या स्वस्तातल्या पोरावर काळाची नजर कशाला जाईल? नावही असं ओंगळ ठेवलं की ते मी कागदावर उतरवणार नाही. पोखर्णीला नरसिंहाच्या दारात जावळ काढेपर्यंत ते धनगरणीचं. मी फक्त सांभाळणारी. त्यानं मला आई म्हणायचं नाही, मीही त्याला माझा म्हणायचं नाही.

मी कबूल झाले. होणार नाही तर काय करणार? दोन पाळणे रिकामे बघितले होते. तो जगावा एवढंच मागणं होतं. आणि जगला तर एकदा, एकदा तरी त्यानं मला आई म्हणावं, हे दुसरं. ते मात्र मी कोणापाशी बोलले नाही.

आता मी म्हणते, परक्याचं लेकरू म्हणून का होईना, पण काय सांभाळलं मी त्याला! पायांवर पालथं घालून डाळीच्या पिठानं न्हाऊ घालायची, टाळूवर तेल जिरवायची, वेखंडाची धुरी द्यायची. दळायला बसले की तो मांडीवर. जात्याच्या घरघरीनं त्याला जशी झोप लागायची तशी पाळण्यात कधी लागली नाही. भाकरी झाल्या की शेवटच्या गोळ्याची त्याच्यासाठी चानकी थापायची, त्याच्या तळहाताएवढी. ती तव्यावर टम्म फुगली की तो टाळ्या पिटायचा. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली, तर त्यातला सगळ्यात मऊ पदर त्याच्या अंगाकडच्या बाजूला लावला. वर कोणी विचारलं की सांगायचं, "धनगरणीचं हाय, आमी सांभाळायलोत." आणि आत्याबाई बाहेर गेल्या रे गेल्या की त्याचे मुके घ्यायचे. त्या परत येताना मुद्दाम दारात खाकरायच्या, हे मला लय उशिरा कळलं.

घरधन्याची तऱ्हा आणखी वेगळी. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराला हात लावायचा नाही, ही त्या काळची रीतच. त्यात हे पोर विकलेलं. एकदा कापसाची गाडी घेऊन सेलूला गेले, तर येताना लाल रेशमी कुंची घेऊन आले. मला दिली नाही. सरळ धनगरणीच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या लेकराला घाल." तिनं ती घातली, पोराला माझ्याकडं दिलं आणि तोंडाला पदर लावून हसत गेली. मग आम्ही दोघंही त्या कुंचीतल्या पोराकडं बघत उभे राहिलो, शेजाऱ्याचं पोर बघावं तसे.

पोर बोलायला लागलं. धनगरीण रोज ताक न्यायला यायची. तिला बघून तो म्हणाला, "आये." ती मला बाई म्हणायची, म्हणून मी झाले बाई. "बाई, भाकर." "बाई, पानी." सगळं ठरल्याप्रमाणंच होतं, तरीही मला तिचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची. बिचारीनं माझ्या पोराचं मरण आपल्या पदरात घेतलं होतं. आणखी काय करायला हवं होतं तिनं?

पाचव्या वर्षी जावळ काढलं. दोन गाड्या जोडून पोखर्णीला गेलो, धनगरीणही आमच्याच गाडीत. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्यानं केस उतरवले. आत्याबाईंनी तिला लुगडं-खण दिला, सूपभर कोंडा परत केला. तिनं पोराला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या बाई, तुमचं तुमाला."

सगळे म्हणाले, "म्हण आई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मांडीवरून उतरला, तिच्याकडं गेला आणि तिचा पदर धरून उभा राहिला. सगळे हसले. मीही हसले, काय करणार. येताना तो तिच्याच मांडीवर झोपला.

आता मला बंदी नव्हती. विहिरीवर, ओढ्यावर, जिथं तिथं मी "माझं पोरगं, माझं पोरगं" करत सुटले. बाया कंटाळल्या असतील. पण पोरगं काही ऐकेना. मी रागानं म्हणायची, "बाई कोण? आई म्हण." तो मेंढरांच्या वाड्याकडं बोट दाखवायचा. "आई तिकडं हाय." गूळ-शेंगदाण्याची लाच देऊन बघितली. ती खाऊन तो म्हणाला, "बाई, आनखी दे." धनगरणीनं त्याला दटावलं, बरेच दिवस ताकाला येणंही बंद केलं. तर तोच पळत तिच्याकडं जायचा. आत्याबाई म्हणायच्या, "जित्ता हाय ना? मग म्हणंल." त्यांचं खरं होतं. पण माझी हाव सुटत नव्हती.

पुढं मला मुलगी झाली. तिला कोणी विकलं नाही, एक जगलं म्हणून आत्याबाईंना धीर आला होता. मी बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीपाशी. तो उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. आत यायची मनाई होती.

"कोनाची हाय?"

"माझी," मी म्हणाले. इतक्या सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

त्यानं उंबऱ्यावरूनच मान आत घातली. "आन् मी?"

"तू बी माझाच."

"मग मला इकलं कशाला?"

गावातल्या पोरांनी चिडवून चिडवून त्याला सगळं सांगितलं होतं. मी खरं तेच सांगितलं. "तू मरू नये म्हणून. तुझ्या आधीची दोघं माझी म्हणून गेली. तू ऱ्हावास म्हणून तुला माझा म्हनलं न्हाई."

त्यानं मुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, संपलं आता. हे पोर कायमचं तिचं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मेंढरांचा आवाज आला. धनगरीण रानातून परतत होती. त्याच्या पळण्याचा आवाज आला, मग तो धापा टाकत म्हणाला, "आये, माझ्या आईला पोरगी झाली."

मेंढरं पुढं गेली तरी धनगरणीची पावलं पुढं सरकल्याचं ऐकू आलं नाही. मग मला आत नीट ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात तिनं विचारलं, "कोनाच्या आईला रं?"

"माझ्या," तो म्हणाला.