फळ्या दाबणारे हात

चर्च झाडताना ऑर्गनपाशी आले की माझा झाडू अजूनही हळू होतो.

आम्ही काटोलकडचे, हिंदू. मी इथं झाडझुडीला लागले तेव्हा रविवारची उपासना सुरू झाली की बाहेर पायरीवर चपलांजवळ बसायची. गीतांचे शब्द समजायचे नाहीत. पण ऑर्गनचा जाड सूर निघाला की मी दाराकडे वळून बसायची. वाटायचं, कोणीतरी आपल्याला नावानं बोलावलं.

ऑर्गन वाजवायच्या एक म्हाताऱ्या बाई, शाळेतून रिटायर झालेल्या. खालच्या दोन फळ्या पायांनी दाबल्या की आत हवा भरते, मग वर बोटांनी सूर निघतो. धंतोलीतल्या दवाखान्यात बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचे पाय फळ्यांवर चालेनात. चर्चमधल्या पोरांनी विजेवरचा नवा कीबोर्ड आणला होता. बाई त्याला डबा म्हणायच्या. त्यांनी मला आत बोलावलं.

"कणीक मळतं ना वं? तशाच ह्या फळ्या हातानं दाबायच्या."

"मले लाज वाटते बाई. सारे पाहून राहिले."

"माझ्या लुगड्याआड बस. इतकी वर्षं वाजवून राहिली, मलेच कोणी पाहत नाही. तुले कोण पाहते?"

तेव्हापासून दर रविवारी वर त्यांची बोटं आणि खाली माझे हात. घरी सासू टोमणा मारायची, "काहून वं, बाटून आली काय?" मी म्हणायची, "नाही आई, कणीक मळून आली." मग तिलाच हसू यायचं.

गावाकडे माझी आई वारली. तेरवीपर्यंत पाहुण्यांच्या स्वयंपाकात रडायला सवड झाली नाही. परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाईंनी एक संथ गीत घेतलं. तो सूर डोक्यावर हात ठेवल्यासारखा वरून आला आणि माझे हात थांबले. ऑर्गनचा आवाज दम लागल्यासारखा बसत गेला. बाई वाकून कानाशी बोलल्या, "रड वं पोरी. पण दाबत राहा."

त्या दिवशी घरी जाताना त्या म्हणाल्या, "मी मेली की माझ्यावर तो डबा नको वाजू देजो."

यंदाच्या थंडीत बाई गेल्या. त्यांची शवपेटी समोर ठेवली होती. त्यांनीच शिकवलेली मुलगी कीबोर्डची वायर लावत होती. तिला ऑर्गनची बोटं येत, पण पायांचा मेळ बसत नसे. चर्च भरलं होतं. मी दारात उभी. डबा वाजू देऊ नको, हे बाईंनी फक्त मला सांगितलं होतं.

कशीबशी तिच्यापाशी गेले. "बेटा, ऑर्गन वाजव. हवा मी भरून देईन."

"काय म्हणता काकू? ऐकू नाही आलं."

तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. सगळी डोकी वळली. पाद्रीसाहेबांनी होकाराची मान हलवली. मुलीनं ऑर्गनवरचं कापड काढलं.

तिनं सलवार-कुर्ता घातला होता. आड बसायला लुगडं नव्हतं. मी तशीच सगळ्यांसमोर खाली बसले आणि फळ्यांवर हात ठेवले. तिनं तेच संथ गीत घेतलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. वाहायचे ते वाहू दिले, आणि दाबत राहिले.