करंड्याच्या झाकणावरचं नाव

नरसू आज सकाळी गेला. जिवंतपणी मी त्याच्यावर कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही.

सोलापूर, पंचाहत्तरच्या आसपास. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. केमिस्ट्रीच्या बॅचमध्ये मी, विणकराच्या घरातला नरसू आणि कमल.

कमलवर माझं प्रेम होतं. तिला त्याचा पत्ता नव्हता.

आयनचं काही अडलं की ती नरसूलाच विचारायची. दोघांची डोकी एका वहीवर. इकडे माझं टाळकं सरकायचं.

एकदा कँटीनमध्ये त्याला धरलाच. "तिला काय शिकवतोस, मलापण सांग."

"तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. झाला प्लस आयन."

"सोडतो आणि प्लस? गंडवतोस काय रे?"

"येड्या, इलेक्ट्रॉनच मायनस हाय की! मायनस गेल्यावर काय उरंल?"

पटलं. तरी वाटलं, तिला नक्की वेगळं काहीतरी सांगत असणार.

मग तांब्याचा मुलामा चढवायचं प्रॅक्टिकल आलं. घरून पितळी वस्तू आणायची होती. कमलनं आईचा कुंकवाचा करंडा आणला. आई वारलेली. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं.

करंडा तिनं नरसूच्या हातात दिला. माझ्या नाही.

त्यानं झाकण मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडलं. झाकणाला बॅटरीचा मायनस, तांब्याच्या पट्टीला प्लस. पट्टीचं तांबं इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरणार, झाकणापाशी इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा तांबं होऊन बसणार.

सगळे चहाला गेले.

मी वायरींची अदलाबदल केली.

वाटलं, मुलामा चढणार नाही, नरसूचं हसं होईल. एवढंच. पण आता झाकणच इलेक्ट्रॉन सोडत होतं. पितळच पाण्यात उतरत होतं. माझ्या अर्धवट डोक्यात ते आलंच नाही.

बाहेर काढलं तेव्हा नाव वाचता येत नव्हतं.

कमल रडली नाही. झाकणावरून नुसतं बोट फिरवत राहिली.

"वायर कुणी लावली?" सर ओरडले.

नरसूनं माझ्याकडे बघितलं. "मी, सर. चुकलं."

कमल त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. महिन्याभरात मी कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, मन लागत नाही.

पुढं सगळं आयुष्य नरसू आणि मी भेटत राहिलो. त्यानं विषय काढला नाही. त्याला ठाऊक होतं, असा मला दाट संशय. दर भेटीत वाटायचं, आज बोलणार हा.

च्यायला नरसू, एकदा शिवी तरी घालायचीस!

कमल, तू फेसबुकवर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, म्हणून इथंच लिहितो. नरसूनं वायर बरोबर लावली होती. उलटी मी केली.

नरसू, सांगितलं बघ तिला.

जा आता.