फलकावरचं ‘अपिअर्ड’

अमडापूरच्या बाजारचौकात, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर इंद्रभान सरांचा बारावीचा आणि ‘नीट’ या डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास चालायचा. तिथे धम्मशीला इंग्रजी शिकवायची. पोरं व्याकरणाला कंटाळतात म्हणून ती एकेक क्रियापद घ्यायची आणि गावातल्याच गोष्टींवर चालवून दाखवायची. ‘अपिअर’ तिच्या आवडीचं. ढगाआडून चंद्र अपिअर होतो, म्हणजे दिसू लागतो. वकील कोर्टात अपिअर होतो, म्हणजे उभा राहतो. शेजारीण आजारी अपिअर होते, म्हणजे तशी वाटते. असेलच असं नाही. आणि पोरगा परीक्षेला अपिअर होतो, म्हणजे नुसता बसतो.

“पास झाला का, ते हा शब्द सांगत नाही,” असं ती बजावून सांगायची.

एके दुपारी इंद्रभान सरांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी खिडकीतून खाली सोडली आणि विचारलं, “मॅडम, ‘परीक्षेले बसले’ हे इंग्रजीत एका शब्दात कसं लिहाचं?”

“अपिअर्ड,” ती म्हणाली आणि वह्या तपासत राहिली.

निकालानंतर चौकात फलक लागला. वर सोनेरी मराठीत ‘आमचे भावी डॉक्टर’. खाली पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात संगणकावर चढवलेला स्टेथोस्कोप. नावाखाली ‘नीट’, आणि पुढे इंग्रजीत ‘अपिअर्ड’. पहिला फोटो क्लासमधल्या अनुपमाचा. ती दोनदा बसली होती आणि दोन्हीदा नापास झाली होती.

फलकासमोरच तिची आई, सरस्वतीबाई, भाजी विकायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. पोरीनं घरी निकाल सांगितला होता, पण एवढा मोठा फलक खोटा कसा असेल? पोरगीच लाजून लपवून राह्यली, असं तिनं मनाशी ठरवलं. वांग्यांच्या टोपलीशेजारी पेढ्यांचा डबा उघडा ठेवून ती येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा देत होती. धम्मशीलाच्याही हातावर तिनं एक ठेवला. तिनं तो तोंडात टाकला.

ती तशीच माडीवर गेली. “सर, हे काय लावलं?”

“खोटं काय हाये त्यात? बसले नाही का ते? शब्द तं तुमचाच हाये.” लाल दात दाखवून ते हसले. “लोक काय समजतात, त्याले मी काय करू?”

आपण जपून, घासूनपुसून दिलेला शब्द या माणसानं खर्ऱ्यासारखा तोंडात घोळवला आणि गावावर थुंकला, असं धम्मशीलाला वाटलं.

संध्याकाळी ती अनुपमाकडे गेली. दार आतून लावलेलं होतं. बऱ्याच वेळानं पोरगी बाहेर आली.

“मॅडम, मी दुकानात बी जात नाही आता. लोक मले डॉक्टरीण म्हणतात. मायचं ऐकू का खरं सांगू, समजत नाही.”

“तुझा फोटो काढून टाकू?”

“हाव. काढा.”

दुसऱ्या दिवशी भरबाजारात धम्मशीलानं स्टूल ठेवलं आणि भाजी चिरायच्या सुरीनं फलकावरची अनुपमा चौकोनी कापून घेतली. लोक जमले. कोणी विचारलं, “मॅडम, काऊन कापून राह्यल्या?” तिनं शब्दाचा अर्थ सांगितला, वर्गात सांगायची तसाच. थोडे हसले. बरेचसे भाव करायला निघून गेले.

सरस्वतीबाई तेवढी जागची हलली नाही. “तुमाले मायी पोरगी पुढं गेलेली पाहवली नाही,” ती म्हणाली. “पेढा खाल्ला ना काल तुमी?”

धम्मशीला स्टुलावरून उतरली. इंद्रभान सरांनी वरूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

ती आता घरच्या ओसरीवर शिकवते. पोरं मोजकी. अनुपमा चिखलीला परिचारिकेचा कोर्स करते आणि फलकापायी धरलेला अबोला सोडून आईशी पुन्हा बोलू लागली आहे. सरस्वतीबाई मात्र धम्मशीलाला दिसली की टोपलीकडे तोंड फिरवते. फलकावरच्या भोकात दुसऱ्याच कोणाचा फोटो चिकटला, आणि यंदा क्लासला जागा अपुरी पडली म्हणे, सरांनी शेजारची माडीही भाड्यानं घेतली. भाजी आणायला धम्मशीलाला त्याच चौकातून जावं लागतं. ती जाते, आणि घरी आल्यावर आधी चूळ भरते.