नावानं हाक मारू नये

राजश्री सुट्टीवर आली की निपाणीजवळच्या तिच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडं खातेस तरी काय? बाई जैनाघरची, दिवस मावळला की तोंड बंद, कांदा-लसणाचं नाव नाही. आणि कामाला गेली थेट इस्रायलात, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. राजश्री सांगते, हैफाची माझी म्हातारी माझ्यापेक्षा सोवळी आहे. तिची दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. त्या स्वयंपाकघरात राजश्रीनं आपलं तिसरं पातेलं मांडलं आणि दोघींचं सूत जुळलं.

ती बेळगावात नर्सिंग शिकली. घरी नवरा वृषभ ऊस बघतो, सासू गुणाबाई घर बघते, आणि राजश्री वर्षातून एकदा येऊन या दोघांनी काय काय बिघडवून ठेवलंय ते बघते. यंदाची सुट्टी मात्र लेकीसाठी होती. पूर्णिमाचा साखरपुडा रविवारी, मुलगा संकेश्वरचा. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

बुधवारी हैफाहून म्हातारीच्या लेकीचा, तामारचा फोन आला. राजश्री गेल्यापासून आई धड जेवलेली नाही. गोळ्या थुंकते, कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन बसते. बदली आलेली मुलगी गुणाची आहे, तिला बोल लावायला जागा नाही. आता डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतायत. बोलता बोलता तामार रडायला लागली. लगेच परत येशील का, एवढंच तिनं विचारलं.

राजश्रीनं फोन ठेवला. पोटच्या पोरीचा साखरपुडा सोडून जायचं कसं, आणि त्या जिवाला तसंच उपाशी ठेवायचं तरी कसं? वृषभ बांबू मोजायला गेला.

म्हातारी म्हणजे रिव्का, सत्त्याऐंशी वर्षांची. डोकं शाबूत होतं तेव्हा एकदा तांदूळ निवडता निवडता तिनंच आपली गोष्ट सांगितली होती. ती पोलंडमध्ये पाचेक वर्षांची असताना गावातल्या यहुद्यांना धरून नेऊन मारत होते. आईनं तिला बाजारातल्या ओळखीच्या एका शेतकरणीच्या हवाली केलं. आजपासून तू मारिशा, आई म्हणाली. रिव्का म्हणून कुणीही हाक मारली तरी वळायचं नाही. मी मारली तरी वळायचं नाही. पुढं एक दिवस गणवेशातले लोक शेतकरणीच्या अंगणात आले. पोरं बटाटे सोलत बसली होती. त्यातल्या एकानं मागून, अगदी लाडात, हाक मारली, ‘रिव्का’. पोरगी बटाटा सोलत राहिली, आणि त्यामुळेच जगली. आई काही परत आली नाही. आली असती, हाक मारली असती, तरी मी वळले नसते, असं म्हातारी म्हणाली होती.

पुढं ती पुन्हा रिव्का झाली, शाळेत गणित शिकवलं, संसार केला. पण गेल्या वर्षापासून तिची आठवण मागं मागं सरकत होती.

गुरुवारी दुपारी तामारनं व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती. नवी मुलगी सुपाचा वाडगा घेऊन मायेनं आर्जवं करत होती, ‘रिव्का, घे ना. रिव्का.’ म्हातारीचे हात मांडीवर हळूहळू हलत होते.

शेजारी गुणाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

“एवढ्या म्हाताऱ्या बाईला नावानं हाक मारतीया व्हय ती पोरगी? मी असते तर मीबी जेवले नसते.”

राजश्रीला हसू आलं, आणि लगेच तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली. ते हात बटाटे सोलत होते. म्हातारी त्या अंगणात होती, आणि मागून कुणीतरी लाडात तिला हाक मारत होतं.

राजश्री पहिल्या दिवसापासून तिला आक्काच म्हणत आली होती. सासूच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तामार तर आईच म्हणायची. गोळ्या कुठल्या, मीठ किती, कोणत्या कानानं ऐकू येतं, सगळं राजश्रीनं त्या मुलीला समजावलं होतं. हे तेवढं राहिलं होतं, कारण असलं काही कुणाला सांगावं लागतं हेच तिला माहीत नव्हतं.

तिनं त्या मुलीला सांगितलं, नाव घेऊ नकोस. आक्का म्हण.

मुलगी अडखळत म्हणाली, “आक्का.”

हात थांबले. म्हातारी वळली. आधी मुलीकडं, मग वाडग्याकडं बघून तिनं तोंड उघडलं. एक चमचा गेला, दुसरा गेला. तामार तोंडावर पदराएवढा रुमाल धरून उभी होती. आता राजश्रीला साखरपुडा सोडून जायची गरज नव्हती.

वाडगा संपल्यावर म्हातारीनं फोन मागून घेतला, ओठांजवळ नेला आणि विचारलं, अंगणातली माणसं गेली का?

“गेली, आक्का. अंगणात कुणी न्हाय,” राजश्री आधी आपल्या बोलीत म्हणाली, मग तिच्या भाषेत.

म्हातारीनं आवाज आणखी खाली आणला.

“मग तुला सांगते. माझं नाव रिव्का. आई आली तर तिला सांग, मी एकदाही वळले नाही.”